दोन अंकांचा पहारेकरी

तुम्ही तिकीट काढायला बसता. तारखेच्या चौकोनावर बोट टेकवता, खाली छोटं कॅलेंडर उघडतं, तुम्ही तारीख निवडता आणि पुढे जाता. त्या क्षणी जगात कुणालाही काहीही वाटत नाही. पण ते कॅलेंडर उघडलंच नाही, किंवा उघडून पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसलं, की तुम्ही ज्याचा उद्धार करता तो मी. गेली एकोणीस वर्षं फ्रँकफर्टमध्ये बसून मी हेच काम करतो. म्हणजे उद्धार करून घेण्याचं.

या चौकोनांना आमच्या धंद्यात ‘कंट्रोल’ म्हणतात. तारखेचा कंट्रोल, आकडे लिहायचा, यादी उघडणारा, मोठाले तक्ते दाखवणारा. विमा कंपन्या, दवाखाने, प्रयोगशाळा आपापली वेबची कामं स्वतः बांधतात, पण हे सुटे भाग आमच्यासारख्यांकडून घेतात. माझे सासरे निवृत्त बांधकाम अभियंता. ते इथे आले असताना मी त्यांना हे तासभर समजावलं. शेवटी ते म्हणाले, “अहो, म्हणजे तुम्ही बिजागऱ्या करता.”

“हो, तसंच काहीतरी.”

“मग सरळ सांगायचं ना. बिजागरी करकरली की मगच माणसाला तिची आठवण होते.”

माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

अडचण एवढीच की घर ग्राहकाचं, बिजागरी आमची आणि खालची जमीन तिसऱ्याचीच. ती जमीन म्हणजे ब्राउझर. आणि ही जमीन दर काही आठवड्यांनी स्वतःला नवी करून घेते. रात्री तुम्ही झोपता, सकाळी उठून दार उघडायला जाता, तर दार चौकटीत अडकलेलं. ब्राउझरवाले तसे सज्जन असतात. नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी काही आठवडे कच्ची आवृत्ती बाहेर ठेवतात. आमच्यासारख्यांनी ती घेऊन आपले सगळे कंट्रोल तिच्यावर एकेक करून चालवून बघायचे. हे माझं काम. ते मी मन लावून करतो, असं आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे.

एकदा एका नव्या आवृत्तीने यादीच्या चौकोनाला स्वतःचा बाण काढायला सुरुवात केली. आमचा बाण तिथे होताच. झाले दोन. पाहणीत मला ते दिसलं होतं, पण मला वाटलं आपला चष्मा बदलायला झालाय. (चष्मा बदललाही. नव्या चष्म्यातून दोन बाण जास्त स्पष्ट दिसले.) तोवर एका विमा कार्यालयातून फोन आला. बाई अत्यंत शांत होत्या. “आमच्याकडे आज सकाळपासून दोन बाण आहेत. यातला अधिकृत कोणता?”

“दोन्ही चालतात,” मी म्हटलं.

“ते मी बघितलं. मी विचारतेय, अधिकृत कोणता? मला ऑफिसात लेखी कळवायचंय.”

मी डावा सांगितला. आमचा तो होता. त्या कार्यालयात पुढचे आठ दिवस लोक फक्त डावा बाण दाबत होते, हे मला नंतर समजलं. जर्मनीत माणसाने तोंडातून काय काढावं याबद्दल मी तेव्हापासून जपून असतो. म्हणजे असायला हवं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायची की नाही यावर घरात मतभेद होते. मी नको म्हणत होतो.

लुडविग्सहाफेनला एक लहानशी खासगी प्रयोगशाळा आमची ग्राहक आहे. कारखान्यांतून आलेल्या पाण्याचे, रंगांचे, द्रावणांचे नमुने तपासायचे आणि निकाल आमच्या तक्त्यात भरायचे, हे त्यांचं काम. तिथले प्रमुख हेर, म्हणजे इथले श्रीयुत, बास्लर. फार वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला होता की एका जुन्या ब्राउझरमध्ये दीड लिहिलं की पंधरा होतंय. इथे दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो, आणि तो जुना ब्राउझर आमच्या आकड्यांच्या चौकोनातला स्वल्पविराम गिळून टाकत होता. एक पूर्णांक पाच लिहावं तर पंधरा. पाण्यातल्या शिशाच्या बाबतीत हा फरक बारीकसारीक नाही.

तेव्हा मी नवा होतो आणि हुशार होतो. मी एक पहारेकरी बसवला. प्रत्येक ब्राउझर दारात आला की आपलं नाव आणि आवृत्तीचा आकडा सांगतो. माझ्या पहारेकऱ्याने तो आकडा ऐकायचा आणि ठरलेल्यापेक्षा लहान असेल तर म्हणायचं, “तुमचा ब्राउझर फार जुना आहे. नवा घेऊन या.” दार बंद. चुकीचा आकडा आत जाण्यापेक्षा माणूसच आत न गेलेला बरा. बास्लर खूश झाले. माझं पहिलं कौतुक या पहारेकऱ्यामुळे झालं.

पहारेकऱ्याची ही आवृत्ती आमच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, वीगांड यांच्या सहीने बाहेर पडली. त्यांची ओळख करून द्यायला हवी. आमच्याकडे कोणतीही नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याआधी तिला ‘फ्रायगाबे’ लागते, म्हणजे सोडायची परवानगी. ती देणारी व्यक्ती एकच, फ्राउ वीगांड. उंच, किडकिडीत, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. त्या छापील यादी घेऊन बसतात, एकेका कलमावर पेन्सिलने खूण करतात आणि शेवटी शाईच्या पेनाने सही करतात. संगणकाच्या कंपनीत शाई फक्त त्यांच्याकडे. मी कंपनीत आलो तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, “हेर पराडकर, तुम्ही हव्या तेवढ्या वेगाने धावा. दार माझ्याकडे आहे.”

काही वर्षांनी आम्ही सगळा प्रोग्राम जुन्या साठ्यातून नव्या साठ्यात हलवला. नव्या व्यवस्थेत प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. हलवण्याचं कंटाळवाणं काम फ्राउ वीगांडनी केलं, जाता जाता वेडीवाकडी मांडणीही नीट केली, आणि त्यामुळे तोवरच्या हजारो ओळींपुढे एकच नाव लागलं. त्यांचं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि सोयीस्करपणे सगळेच विसरलो होतो.

मग ती सकाळ आली. फ्राउ वीगांड निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते. साडेआठला बास्लरांचा फोन.

“हेर पराडकर, तुमचं दार म्हणतंय आमचा ब्राउझर फार जुना आहे.”

“मग नवा घ्या ना,” मी कॉफी ढवळत म्हटलं.

“काल संध्याकाळीच नवा झालाय. याच्यापुढचा अजून जन्माला आलेला नाही.”

मी ढवळायचा थांबलो. “मग तुम्ही काय करताय?”

“कागद आणि पेन्सिल. छान चाललंय. त्यासाठी मात्र आम्हाला तुमची गरज नव्हती.”

साडेनऊपर्यंत अशी सहा दारं बंद झाल्याचं कळलं. मी पहारेकऱ्याची ओळ उघडली. ब्राउझरची नवी आवृत्ती होती शंभरावी. आणि माझा पहारेकरी आकड्याचे पहिले दोनच अंक ऐकत होता. नव्व्याण्णवपर्यंत बिचाऱ्याला सगळं नीट ऐकू आलं. शंभर म्हटल्यावर त्याने ऐकलं दहा. दहा म्हणजे फार जुना. चला, व्हा बाहेर.

ओळीपुढे नाव होतं वीगांड. आणि ओळीच्या वर एक शेरा होता. प्रोग्रामात असे शेरे आम्ही एकमेकांसाठी लिहून ठेवतो. संगणक ते वाचत नाही. हा शेरा इंग्रजी अक्षरांत होता, पण भाषा अस्सल सदाशिव पेठी: “दोन अंक बास झाले. तीन अंकी आकडा येईपर्यंत आपण कुठे असणार!”

अख्ख्या कंपनीत मराठी वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याची कॉफी निवत होती.

यापुढचे तीन दिवस मी कसा वागलो ते सरळ सांगतो. पहिल्या दिवशी मी शूर होतो. दुपारपर्यंत पहारेकरी पूर्ण काढून टाकला, तशी तात्पुरती आवृत्ती पाठवली, सगळी दारं उघडली. आमचे साहेब हेर लोरेंझ यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी कारण शोधायची बैठक झाली. लोरेंझ, फ्राउ वीगांड आणि मी. भिंतीवर ती ओळ मोठी करून दाखवली होती. कच्ची आवृत्ती तपासली होती का, असं लोरेंझनी विचारलं. यादीत माझी खूण होती: तपासली. खरंच तपासली होती. फक्त आमच्या तपासणीच्या पानांवर पहारेकरी बंद होता. सारखा आडवा येतो म्हणून मीच तो वर्षापूर्वी बंद केला होता. हे मी म्हणालो नाही.

“ओळ कुणाची आहे?” लोरेंझनी विचारलं.

फ्राउ वीगांडनी चष्मा लावून पाहिलं. “माझं नाव दिसतंय.”

“आणि हा वरचा मजकूर?”

“मी मागे एकदा भाषांतराच्या साइटवर टाकून बघितला होता. तिने फिनिश ठरवला. काही संज्ञा असेल म्हणून ठेवला.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, “जा, गेनाऊ.” म्हणजे हो, बरोबर. कशाला बरोबर, ते मलाही माहीत नव्हतं.

बैठक संपल्यावर लोरेंझनी मला थांबवून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, “बघा, शेवटचे तीन महिने त्यांना ताण नको. एक तारखेपासून फ्रायगाबे तुम्हीच बघा.”

ही गोष्ट मला किती वर्षं हवी होती ते मी इथे लिहीत नाही. सही करणारा माणूस व्हायचं, हे माझं छोटंसं स्वप्न होतं. मी घरी शाईचं पेन आणूनही ठेवलं होतं. आणि ती सही फ्राउ वीगांडच्या हातून जात होती ती माझ्याच ओळीमुळे. इतक्या वर्षांत त्यांच्या सहीने गेलेली एकही आवृत्ती परत आलेली नव्हती. शेवटच्या तिमाहीत ही आली. लोरेंझनी त्याच संध्याकाळी सहाही ग्राहकांना खुलाशाचं पत्र धाडलं: चूक परवानगी देताना झाली, परवानगीची व्यवस्था आता बदलत आहोत.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. ज्याच्यामुळे ग्राहकाचं काम थांबलं त्याने केक आणायचा. शिक्षा म्हणून नाही. एकदा तो खाऊन झाला की विषय संपला, पुन्हा कुणी टोमणा मारायचा नाही. तिसऱ्या दिवशी फ्राउ वीगांड घरी भाजलेला सफरचंदाचा केक घेऊन आल्या. वर दालचिनी. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, सुरी ठेवली, बशा मांडल्या आणि म्हणाल्या, “घ्या. शंभराच्या नावाने.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि खाल्ला.

संध्याकाळी घरी मृणालला, माझ्या बायकोला, मी हे सगळं सांगितलं. गंमत म्हणून सांगायला सुरुवात केली होती. ती भाजी चिरत होती. शेरा ऐकून हसली. बैठकीचं ऐकून तिचं हसणं कमी झालं. केकशी आल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

“तू खाल्लास?”

“सगळेच खात होते.”

“किती?”

“काय किती?”

“तुकडे.”

“दोन,” मी म्हटलं. “दालचिनी घातली होती गं.”

“बाई तुझ्या चुकीचा केक भाजून आणते, तिची सही तुला मिळते, आणि वर तू दुसऱ्यांदा बशी पुढे करतोस?”

“एकदम सांगितलं असतं तर—”

“एकदम कुठे? तीन दिवस झाले. उद्या सांग. आणि तिथे विनोद करू नकोस. तू घाबरलास की विनोद करतोस.”

दुसऱ्या दिवशी मी लोरेंझच्या खोलीत गेलो. फ्राउ वीगांड तिथे होत्याच. एक तारखेपासूनच्या कागदपत्रांचं चाललं होतं. मी म्हटलं, “तो मजकूर फिनिश नाही.”

आणि शेरा आधी मराठीत वाचून दाखवला, मग जर्मनमध्ये सांगितला. तपासणीच्या पानांचंही सांगितलं. विनोद केला नाही.

“हे तुम्ही पत्र गेल्यानंतर सांगताय,” लोरेंझ म्हणाले.

“हो.”

“बैठकीत का नाही बोललात?”

“मला फ्रायगाबे हवी होती,” मी म्हटलं. खरं तर बैठकीत ती मिळणार हे मला माहीत नव्हतं. तिथे मी नुसता घाबरलो होतो. नंतरचे दोन दिवस मात्र हेच कारण होतं. दोन्ही कारणांपैकी जे जास्त वाईट ते सांगावं असं वाटलं.

फ्राउ वीगांड चष्मा पुसत होत्या. “ती ओळ तुमची असणार हे मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “इतक्या उद्धट ओळी इथे दुसरं कोणी लिहीत नाही. पण सिद्ध कसं करणार?”

“मग तुम्ही केक का आणलात?”

“सही माझी होती. तुमची खूण मी तपासून बघितली नाही, विश्वास ठेवला. तेवढा केक माझाच होता.” चष्मा डोळ्यांवर चढवून त्या पुढे म्हणाल्या, “दुसरा तुकडा मात्र तुम्ही घ्यायला नको होता.”

त्यांनी मोजले होते.

लोरेंझनी सहाही ग्राहकांना पुरवणी पत्र पाठवायचं ठरवलं. ते मी लिहायचं. मी लिहिलं: एका सहकाऱ्याने पूर्वी केलेल्या गृहीतकामुळे हा प्रकार घडला, फ्राउ वीगांड यांचा यात दोष नाही. फ्राउ वीगांडनी कागद वाचला आणि ‘एका सहकाऱ्याने’वर पेन्सिल टेकवली.

“याचं नाव काय?”

मी माझं नाव घातलं. पत्र गेलं. बास्लरांचं एका ओळीचं उत्तर आलं: कळलं, धन्यवाद, कागद आणि पेन्सिल आम्ही कपाटात तयार ठेवली आहे. फ्रायगाबे फ्राउ वीगांडकडेच राहिली.

आता तात्पुरत्या तोडग्याच्या जागी पक्की दुरुस्ती करायची होती. पहारेकऱ्याला परत कामावर घ्यायचं होतं, नाहीतर जुन्या ब्राउझरचा एखादा माणूस पुन्हा दीडाचे पंधरा करून बसला असता. मी त्याच दिवशी ती केली. अंगात उत्साह होता. कबुली दिलेल्या माणसाला आपण एकदम निर्मळ झालोत असं वाटतं. छापील यादी भरून मी त्यांच्या टेबलावर ठेवली. या वेळी तपासणीच्या पानांवर पहारेकरी चालू होता. शंभर, एकशे एक, एकशे वीस, सगळं चाललं होतं.

अर्ध्या तासाने त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कागदावर सही नव्हती.

“हजार आल्यावर?” त्यांनी विचारलं.

मी दुरुस्तीत दोनाच्या जागी तीन लिहिलं होतं.

“हजार यायला फार—” इथवर बोललो आणि थांबलो. त्यांनी पुढचं ऐकायची वाट पाहिली. त्यांनी यादी माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि निघून गेल्या.

दुसरी दुरुस्ती दोन दिवसांनी झाली. आकडा कितीही अंकी असो, ब्राउझर त्याच्यापुढे देतो ते टिंब येईपर्यंत पहारेकरी पूर्ण ऐकून घेतो. ही गोष्ट करायला तीन ओळी लागतात. तेव्हाही तीनच लागल्या असत्या. फ्राउ वीगांडनी हजार घालून बघितला, दहा हजार घातला, मग एक भलामोठा आकडा घातला, बहुधा त्यांच्या घरचा फोन नंबर होता. पहारेकऱ्याने सगळ्यांना आत घेतलं, जुन्यांना अडवलं. त्यांनी सही केली.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी छोटा समारंभ झाला. तिथे लोरेंझनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, “यापुढे फ्रायगाबे कुणाकडे द्यायची? तुम्ही म्हणाल ते.” मी खिडकीबाहेरची ट्राम बघत होतो. माझं नाव येणार नाही याची खात्री होती आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती.

“हेर पराडकर,” त्या म्हणाल्या.

लोरेंझना आश्चर्य वाटलं. मला त्यांच्याहून जास्त.

“दुसऱ्याची चूक ते बरोबर शोधतात,” त्या म्हणाल्या. “त्यांनी सगळ्यांच्या ओळींवर सही करावी. स्वतःच्या सोडून.”

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. लोरेंझनीही ते गंमत म्हणून घेतलं नाही. कंपनीच्या नियमांत तसं कलम आलं. त्यात माझं नाव नाही, कुणीही स्वतःच्या ओळींना परवानगी देऊ नये एवढंच आहे. नव्याने आलेल्या लोकांना ते फार शहाणपणाचं वाटतं. कुणी विचारलं तर मी त्यांना ही सगळी हकिगत सांगतो, दुसऱ्या तुकड्यासकट.

आता सगळ्यांच्या कामावर शाईने सही मी करतो. माझं काम आन्या नावाची सहकारी तपासते. ती सही करण्याआधी माझ्याकडे खुर्ची ओढून बसते आणि विचारते, “हे असंच का?” मी सांगायला लागतो, आणि बरेचदा अर्ध्यात माझं मलाच कळतं. गेल्या महिन्यात तिने माझं काम चार वेळा परत पाठवलं. चारही वेळा तिचंच बरोबर होतं.